सपाट रेघ

दोष पोतनीससरांचा होता. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे त्यांचे पांढरे केस बघून कुणी हळहळायला नको.

“...मग उद्या चौकशी समितीपुढे काय सांगणार, सर?” त्यांचा जुना विद्यार्थी हर्षल विचारत होता.

“चहा घेतलास?” सर म्हणाले. मोठ्यांना बोलायचं नसलं की चहा आठवतो.

“सर, औषधाने पेशीचं दार उघडं राहतं, असं आपण छापलं. खोटं निघालं. कारण दार मिटलेलं असतानाच्या सपाट रेघा मी रेकॉर्डिंगमधून कापल्या होत्या. तुम्ही सांगितलं म्हणून. आणि लॅबमधून काढून टाकलं मला.”

“हं...”

“तेव्हाही एवढंच म्हणालात.”

सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बारीक नळी पेशीला टेकवली. तिला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हवा ओढली. जास्तच ओढली. पेशी फुटली.

“अंदाज राहिला नाही रे, हर्षल.”

हर्षल चडफडला. मग खुर्ची ओढून त्यानेच नवी काचनळी दुसऱ्या पेशीला लावली. अलगद हवा ओढली. पेशीच्या पापुद्र्याचा एवढासा तुकडा काचेला घट्ट चिकटला. त्यात एकच आयन चॅनेल. पोटॅशियमपुरतं दार.

पडद्यावर रेघ झटकन वर गेली. दार उघडलं. खाली आली. मिटलं. वर. खाली. अर्ध्यावर कधी थांबली नाही.

मग सपाट.

सपाटच...

सरांचा हात रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर गेला. आपसूक.

हर्षल त्या हाताकडे बघत राहिला. मग सरांनीही पाहिलं.

“मेली असेल पेशी,” ते पुटपुटले.

“मलाही हेच सांगितलं होतंत.”

हात मागे आला. दोघं बसून राहिले. रेघ तशीच...

आणि झटकन वर.

“जिवंत आहे,” हर्षल म्हणाला. आवाजात राग होता, पण दमलेला. “मिटलं होतं, एवढंच. ते मोजायचं नाही?”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“सांगतो उद्या. कापायला मी लावलं, असं सांगतो.”

“लॅब काढून घेतील तुमची.”

“लॅबच वाचवत होतो तेव्हा...”

“मग? वाचली ना?”

“तू गेल्यापासून हिच्यात एकही रेकॉर्डिंग झालेलं नाही.”