उंबरं सोडून आलेला कावळा

पूर्वी शूर्पारक बंदरावर एक राजा सुखाने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व कावळ्याच्या कुळात जन्माला आला. हो, कावळ्याच्याच! जन्म कुठेही मिळो, त्याचं सोनं करणं आपल्या हाती. तेव्हा दर्यावर जाणारं गलबत पिंजऱ्यात एक कावळा नेत असे. किनारा हरवला की त्याला सोडायचं. जमीन नसली तर बिचारा परत येई. पाण्यावर बसणार कुठे? परत नाही आला, तर तो गेला त्या रोखाने सुकाणू वळवायचं. अशा पाखराला दिशाकाक म्हणत.

बोधिसत्त्व होता मणिदत्त नावाच्या व्यापाऱ्याच्या गलबतावर. गलबत दक्षिणेच्या ओसाड किनाऱ्यावरून पुढे निघालं होतं. तिथे ना गाव, ना दिवा, ना हाकेला ओ देणारं माणूस. त्यात पावसाने सहा दिवस असं झोडपलं की सूर्य म्हणून काही असतो हेच लोक विसरले. शिधा भिजून गेला. सातव्या सकाळी तळाची फळी सुटली. चाळीस माणसं पाणी उपसत होती, पण उपसावं त्याहून जास्त आत येत होतं. दिवस मावळायच्या आत जमिनीला लागलो तरच वाचलो, असं सुकाणू धरणारा म्हातारा तांडेल सोणक याने सांगून टाकलं. मग त्याने उपाशी कावळ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि त्याला सोडलं.

बोधिसत्त्व पूर्वेला उडाला आणि बऱ्याच वेळाने त्याला जमीन दिसली. काय जमीन ती! उंबराखाली पिकल्या फळांचा सडा, आणि फांदीवर एक कावळी. त्याने मनसोक्त खाल्लं. कावळीने आपुलकीने विचारपूस केली आणि आता इथेच राहा असा आग्रह धरला. खोटं कशाला बोला, त्यालाही राहावंसं वाटलं.

इतक्यात सर जरा ओसरली आणि किनाऱ्यासमोर पाण्याखाली जेमतेम हातभर खोल खडकांची रांग दिसली. गलबत याच रोखाने आलं तर त्याच्या चिंधड्या उडणार.

“मी राहिलो तर माझं राहणंच त्यांना बुडवील,” तो म्हणाला.

“आणि गेलास तर पुन्हा कोंडतील,” कावळी म्हणाली.

“कोंडू देत. चाळीस जिवांच्या मोलाने मला उंबर गोड लागायचं नाही.”

मग तो किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेला. तिथे खडक संपून खाडीचं तोंड उघडत होतं. ते नीट पाहून तो माघारी वळला.

कावळा परत आलेला पाहून लोकांनी आशा सोडली. मणिदत्त तर भडकला. इतके दिवस भात खाऊन ऐन वेळी हात हलवत आला, मुरगळा याची मान, असं तो म्हणू लागला. सोणकाने पाखराला छातीशी धरलं, तर त्याच्या बोटांना काही निराळंच लागलं.

“शेट, याचं पोट टम्म भरलंय. चोचीत उंबराच्या बिया आहेत. हा जमिनीवर जाऊन आलाय.”

“मग मूर्ख परत कशाला आला?”

“तेच तर. पोट भरलेला, सुटलेला कावळा उगाच पिंजऱ्याकडे येतो होय? त्या वाटेवर काही तरी वाईट आहे.”

त्याने हात सैल सोडला. कावळा या वेळी उंच गेला नाही. गलबताच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, थोडं उडायचं, वळून बघायचं, पुन्हा थोडं उडायचं. सोणकाने त्याच्यामागोमाग सुकाणू वळवलं. कावळ्याच्या नादी लागण्याची वेळ आली, असं मणिदत्त पुटपुटत राहिला, पण शेला फेकून स्वतःही पाणी उपसायला बसला. उजेड होता तोवर गलबत खाडीत शिरलं. ओहोटी लागली तसे उत्तरेला काळे खडक एकेक करून वर आले. ते पाहून मणिदत्त काठावर उतरून चिखलातच बसला आणि कावळ्याला हात जोडून रडला. कावळा मात्र मोकळा होऊन उंबराकडे निघून गेला.

भिक्षूंना ही गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. ते म्हणाले, “तो तांडेल म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. कावळी ती भिक्षुणी उत्पलवर्णा. दिशाकाक मी होतो. आणि मणिदत्त म्हणजे हा समोरचा भिक्षू. काल भर पावसात याला कोरडी गुहा सापडली आणि हा एकटाच जाऊन झोपला. बाकीचे रात्रभर भिजले. परत कशाला यायचं, हे याला तेव्हाही कळलं नव्हतं.”

भिजलेले भिक्षू हसले. तो भिक्षूही खाली मान घालून हसला, आणि उठून सगळ्यांची चिवरं वाळत घालू लागला. आपण सुटल्यावर मागे राहिलेल्यांसाठी माघारी येणं, यालाच करुणा म्हणतात.