पारखीण आणि मधाचा डोंगर

खूप खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा मधमाशी काही बोलली तर माणसं हातातलं काम ठेवून ऐकायची.

एका राज्याच्या टोकाला मोठा डोंगर होता. त्यावर हिरडा, बेहडा, जांभूळ अशी दाट झाडी, आणि झाडाझाडाला मधाची पोळी लोंबलेली. राजाच्या वैद्यशाळेत औषधं कालवायला जो मध लागे तो सगळा इथूनच जाई. मध काढून आणायचा मक्ता राजा एका माणसाला देई. पण त्याला अटी होत्या. धूर करायचा तो ओल्या पाल्याचा, पेटता टेंभा पोळ्याला लावायचा नाही. मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवायचा. आणि दर चार पोळ्यांमागे एकाला हातसुद्धा लावायचा नाही.

"मध यंदाही हवा आणि माझ्या नातवाच्या नातवालाही हवा," राजा म्हणायचा.

अटी पाळल्या जातात का, हे बघायला राजानं एक पारखीण नेमली होती. तिनं डोंगर चढून आपल्या डोळ्यांनी पोळी बघायची, आणि मगच घागरीच्या तोंडावर लाखेची मोहर उठवायची. मोहरेशिवाय घागर वैद्यशाळेत जात नसे.

पारखीण वयानं लहान होती. घरात सासू आणि तीन वर्षांची लेक ठकी. जीभ अशी तयार, की एक थेंब चाखून सांगावं, हा जांभळीचा, हा कारळ्याचा. आणि मक्तेदार कोण होता म्हणाल, तर तिचा सख्खा मामा. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला लहानाची मोठी केली, लग्न लावून दिलं.

मामा मोठा गमत्या. गाडी दारात यायच्या आधी त्याची हाक घरात शिरायची. "कुठं गेली आमची मुंगळी? मध आलाय, धावा!" की ठकी तशीच उघडी धावायची.

पारखीण झाली त्या पहिल्या वर्षी ती भीतभीत म्हणाली, "मामा, एकदा वर येऊन बघते म्हणते मी."

मामाचा चेहरा उतरला. पण तो हसूनच म्हणाला, "बघ हो बाई! तू राजाची पारखीण. बोटभर होतीस तेव्हा या हातानं भात भरवलाय तुला. तेव्हा नाही विचारलंस, मामा, तांदूळ निवडलेत का?"

सगळे हसले. तीही हसली. मध चाखला, तो अगदी निर्मळ होता. तिनं मान खाली घालून मोहरा उठवल्या.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. आपल्या माणसाची भीड मोठी वाईट. परक्याला विचारता येतं, आपल्याला विचारताना जीभ उचलत नाही.

तिसऱ्या वर्षी मामा घागरी ठेवून गेला आणि म्हणाला, "परवा नेतो. मोहरा उठवून ठेव."

तिनं ठकीच्या भाकरीवर मध घातला, तेवढ्यात ताटाच्या काठावर एक मधमाशी येऊन पडली. तिचा एक पंख करपलेला होता.

"बाई," माशी म्हणाली, "मध गोड आहे ना?"

"हो गं. पण तुला काय झालं?"

"मध गोडच असणार. घर जळाल्याचा वास मधाला लागत नाही. तू घागर बघितलीस, फांदी कुठं बघितलीस? आमची पिल्लं खाली पडून मुंग्यांच्या तोंडी गेली. बऱ्याच जणी डोंगर सोडून पलीकडच्या खिंडीत गेल्या, उरलेल्या आम्हीही परवा जाणार. खाली शेतात कारळं फुलेल, पण दाणा धरवायला कोणी नसेल."

एवढं बोलून माशी जड जड उडत गेली.  माशी खोटं बोलत नाही, हे पारखिणीला माहीत होतं. पण मामाला कुठल्या तोंडानं विचारायचं?

इकडे ठकीनं केसांपर्यंत मध माखून घेतला. सासूनं हसत हसत बादलीत ऊन पाणी काढलं. ठकीला बसवायच्या आधी पारखिणीनं सवयीनं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. मग चपापून म्हणाली, "आत्याबाई, राग नका मानू हं."

"राग कसला त्यात?" सासू म्हणाली. "माझी सासू पाणी काढायची, तेव्हा मीही हात घालून बघायची. लेकरू नाजूक असतं म्हणून बघायचं. पाणी काढणाऱ्यावर काय संशय असतो का बाई?"

 पारखिणीनं ठकीला सासूच्या हवाली केलं, पदर खोचला आणि थेट मामाचं घर गाठलं.

"मामा, उद्या आपण दोघं डोंगरावर जायचं."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा!"

"तुमच्यावर आहे. पण पोळी नाजूक आहेत, मामा. बघितल्याशिवाय मी मोहर उठवणार नाही."

 मामा गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली पोरी, मला चढवत नाही. मी पायथ्याला बसतो. गडी वर जातात, घागरी खाली येतात. वर काय होतं ते मलाही ठाऊक नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"मामा म्हातारा झाला, हे भाचीला सांगायचं होय?"

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. मामा दर दहा पावलांवर टेकायचा. "तुला खांद्यावर घेऊन चढायचो इथं. आता तू घे मला."

"घेते की. आधी पोट खाली ठेवून या."

पण वर पोहोचल्यावर दोघांचं हसू मावळलं. फांदी न् फांदी काळी पडलेली. खाली पिल्लांचा चुरा, त्यावर मुंग्यांच्या रांगा. शिवलं नाही असं पोळं एकही नव्हतं. फक्त एका उंच जांभळीवर थोड्या माश्या गोळा होऊन बसल्या होत्या, आता उठतील की मग अशा.

तिथले गडी म्हणाले, "ओल्या पाल्यानं अख्खा दिवस जातो. टेंभ्यानं घटकेत उरकतं. आणि बघायला कोण येतंय?"

मामानं आणि भाचीनं एकमेकांकडे बघितलं नाही.

मग मामानं डोळे पुसले. "मोहर उठवू नकोस पोरी."

"मामा, तुमचा मक्ता जाईल."

"जाऊ दे. या माश्यांवर मी तुला वाढवलं."

ती राजापुढे गेली. मामाच्या गड्यांचं सांगितलं, तसंच आपलंही सांगितलं. "महाराज, दोन वर्षं मी न बघता मोहरा उठवल्या."

राजानं मक्ता काढून घेतला. दोन वर्षं डोंगराला कोणी हात लावायचा नाही, अशी दवंडी पिटली. वैद्यांनी गुळात औषधं कालवली आणि कुरकुर केली. पारखिणीचं काम राहिलं, पण दोन वर्षांचं वेतन गेलं. ती दोन वर्षं सरल्यावर मामानं आपणहून गड्यांना ओल्या पाल्याचा धूर शिकवायचं अंगावर घेतलं, आणि दोन पोरांच्या खांद्यावर डोलीत बसून तो वर जाऊ लागला.

जांभळीवरच्या माश्या राहिल्या. खिंडीत गेलेल्या मात्र परत आल्या नाहीत. पुढं कितीतरी वर्षं डोंगरावर पूर्वीच्या निम्मीच पोळी दिसत. त्या उरलेल्या पोळ्यांची फांदी न् फांदी पारखीण दर हंगामात बघायची, आणि झाडाखालून मामा ओरडायचा, "ती पलीकडची राहिली! नीट बघ, गडी मी शिकवलेत, माझं नाव आहे त्यावर!"

बोध: विश्वास जरूर ठेवावा, पण जे जपायचं ते स्वतः जाऊन बघावं, न बघता ठेवला तो विश्वास नव्हे, ती नुसती भीड.