धर्मीबायने थोपवलेली धार

निवेबंदरात ही गोष्ट कोणीही सांगेल, प्रत्येकजण थोडी वेगळी सांगेल. मी माझ्या आत्याच्या तोंडून ऐकली तशी सांगतो.

फार वर्षं झाली त्याला. किनाऱ्यावरच्या होड्या तेव्हा शिडावर चालायच्या. मशीनची होडी अख्ख्या बंदरात एकच, धर्मीबायची. नवरा तापाने गेल्यावर लोक म्हणाले, होडी वीक. तिने विकली नाही. मशीन चालवायला ती स्वतः शिकली, सुकाणूवर इब्राहिम तांडेलाला बसवलं आणि समोरच्या कासवबेटावरच्या माणसांची ने-आण सुरू केली. असं म्हणतात, मशीनचा नुसता आवाज ऐकून त्याला कुठे दुखतंय ते तिला कळायचं.

एके वर्षी उधाणात बेटाचा बांध फुटला. सकाळच्या भरतीला घराघरांत गुडघाभर पाणी शिरलं, आणि संध्याकाळची भरती त्याहून मोठी येणार होती. वारा असा समोरून सुटला होता की शिडाच्या होड्यांना बंदरातून बाहेर पडता येईना. धर्मीबाय एकटी निघाली. पहिल्या खेपेला म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया आणल्या. दुसऱ्या खेपेला रिकामी होडी घेऊन बेटाकडे परत जाताना खाडीच्या मधोमध मशीन घरघरलं आणि तापायला लागलं.

मशीन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पितळी पंप असतो. त्याच्या फिरत्या दांड्याभोवती दोराचं वेष्टण कोंबलेलं असतं. ते कुजून गेलं होतं. मशीनला मिळायचं पाणी धार लागून होडीच्या तळात सांडत होतं.

इब्राहिम तांडेल म्हणाला, "नाखवीणबाय, मशीन जळेल. बंद करा, प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागू."

"बंद करते, इब्राहिमभाय. पण किनाऱ्याला नाही लागायचं. तुम्ही नांगर टाका."

तिने समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची तोटी बंद केली, पंपाचा नट सोडला आणि कुजका दोर आकड्याने ओढून काढला. मग काथ्या वळून भरला. मशीन सुरू केलं, तर काथ्या भुगा होऊन बाहेर आला. पदर फाडून भरला. तोही टिकला नाही. बेटाच्या टेकाडावर माणसं गोळा झालेली दिसत होती. त्यांनाही थांबलेली होडी दिसत होती.

धर्मीबायने अंबाडा सोडला. मासळी कापायच्या कोयत्याने केस मानेपासून कापले, त्यांची घट्ट बारीक वेणी घातली आणि होडीला चोपडायच्या मोरी माशाच्या तेलात बुडवली. त्या वेणीचे वेढे तिने एकेक करून दांड्याभोवती बसवले. नट आवळायला इब्राहिम तांडेलाने पाना पुढे केला.

"पाना नको," ती म्हणाली. "जास्त आवळलं तर दांडा तापेल आणि हेही जळेल. बोटांनी आवळते. थेंब पडला तर पडू दे. धार नको."

मशीन सुरू झालं. थेंब पडत राहिला, धार लागली नाही.

असं म्हणतात, त्यानंतर तिने किती खेपा केल्या ते कोणी मोजलं नाही. शेवटच्या खेपेला होडी बुडेल इतकी माणसं चढली, तेव्हा वेणीही सैल पडली. धर्मीबायने पंपावर तळहात दाबून धरला आणि बंदर येईपर्यंत काढला नाही. इब्राहिम तांडेल शपथेवर सांगायचा, की तिचा हात पंपावर असेतो मागून येणारी भरतीची लाट होडीच्या मागे उभी राहिली, पुढे सरली नाही. शेवटचं माणूस धक्क्यावर उतरलं, तिने हात उचलला, आणि मग कासवबेट पाण्याखाली गेलं.

बेटावरची सगळी माणसं वाचली. धर्मीबायचे केस पुन्हा वाढले. तळहात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. असं म्हणतात, उन्हाळ्यात ती अंगणात बसली की त्या हातावर मीठ धरायचं, आणि शेजारच्या बाया ते चिमूटभर मागून न्यायच्या.

आता निवेबंदरात सगळ्याच होड्या मशीनवर चालतात. नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडला की सगळी मशीनं धक्क्यालाच सुरू करतात. मग प्रत्येक घरातली थोरली बाई होडीत उतरते आणि पंपाखाली तळहात धरून थेंब पडतोय की धार लागलीय ते बघते. याला 'धर्मीबायचा हात' म्हणतात. तोवर एकही नाखवा दोर सोडत नाही.

परवाच्या पुनवेला कासवबेटावरून आलेल्या एका घरातल्या म्हातारीने हात बाहेर काढला, तो मनगटापर्यंत ओला होता. होडी तिच्या नातवाची होती, नवी कोरी. तो म्हणाला, "आजी, एवढं चालतं." म्हातारी तिथेच पंपाजवळ मांडी घालून बसली. शेजारच्या नाखव्याने आपलं मशीन बंद केलं. त्याच्या शेजारच्यानेही केलं. मग एकामागून एक सगळी बंद झाली, आणि नातवाने पाना घेऊन पंप खोलेपर्यंत अख्खं बंदर वाट बघत उभं राहिलं.