सर्वांत सरळ रंधा

"एवढी मोठी फट! यातून मुंगळ्यांची वरात जाईल, वाजंत्रीसकट!"

देवझरीचे रायाजीराजे आपल्या सुतारखान्यात कपाळाला हात लावून बसले होते. राजांना सुतारकामाचा भारी नाद! राणीसाहेबांसाठी ते स्वतःच्या हातानं झोपाळा करत होते. सागवानाच्या दोन फळ्यांच्या कडा त्यांनी आठ दिवस रंधून काढल्या, पण जोडायला घ्याव्यात तर मध्ये ही फट!

सुतारखान्याचा कारागीर केरबा हळूच म्हणाला, "सरकार, हा रंधा वीतभर लांबीचा. फळीच्या चढउतारावर तोही चढतो नि उतरतो. लांब फळीला लांब रंधाच हवा."

"मग आणा लांब रंधा! राज्यात सर्वांत मोठा असेल तो!"

दुसऱ्याच दिवशी पेठेतला व्यापारी त्रिंबकशेठ तीन रंधे घेऊन हजर झाला. एक हस्तिदंती नक्षीचा, एक पितळी पट्ट्यांचा. दोन्ही तीन-तीन हात लांब! तिसरा साधा शिसवी, दोनच हातांचा. तो शेठनं आणला होता तो फक्त इतर दोघांची शोभा वाढावी म्हणून.

शेठनं आपला गज प्रत्येकाच्या तळाला लावला. "बघा सरकार, तिन्ही सरळ! मोठ्यांतला कुठलाही घ्या."

केरबानं आपला गज लावला. "मोठे दोन्ही वाकडे आहेत, सरकार."

"तुझा गज वाकडा!" शेठ ओरडला.

"तुमचा वाकडा!"

"पुरे!" राजे कडाडले. "ज्याचा गज त्याच्याच बाजूनं बोलतो! केरबा, सूर्य मावळायच्या आत यातला सरळ रंधा तू मला दाखवायचास. पण गज नको, सूत नको नि लाकडाचा कीसही पडता कामा नये! नाही जमलं तर हत्यारं इथंच ठेव नि देवझरी सोड!"

केरबा तिन्ही रंधे उलटेपालटे करून बघू लागला. मापाशिवाय सरळपणा कसा दाखवायचा? तेवढ्यात त्याची मुलगी वेणू भाकरी घेऊन आली. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिनं काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"सरकार, मी दाखवू?"

"तू?" शेठ फिस्सकन हसला. "पोरी, हे चुलीपुढचं लाटणं नव्हे!"

"लाटणंही सरळ नसलं की पोळी सांगते, शेठजी," वेणू म्हणाली.

राजांच्या मिशा हलल्या. "दाखव!"

वेणूनं तिन्ही रंध्यांची पाती काढून ठेवली. "सरकार, बाहेरचा साक्षीदार नको ना? मग हे तिघंच एकमेकांची साक्ष देतील."

तिनं हस्तिदंती रंधा उताणा ठेवला, त्याच्या तळावर पितळी रंध्याचा तळ टेकवला आणि जोडी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मधून उजेडाची रेघही दिसेना!

"बघा!" शेठ टुणकन उडाला. "दोन्ही सरळ!"

केरबानं डोळे मिटले. वेणू मात्र शांत होती. "दोघे मिळून खोटं बोलणारेही असेच जुळतात, शेठजी. तिसऱ्याला विचारूया."

तिनं शिसवी रंधा हस्तिदंती रंध्यावर टेकवला. मधोमध उजेड चमकला! मग तोच शिसवी रंधा पितळी रंध्यावर ठेवला, तर तो होडीसारखा डुलायला लागला!

"सरकार, एकाच्या पोटात खड्डा आहे, दुसऱ्याचं पोट सुटलंय. म्हणून तर दोघे एकमेकांच्या मिठीत घट्ट बसले! एकच ओंडका चिरताना करवत वाकडी गेली नि दोन्ही बाजूंचे दोन रंधे झाले."

शेठचा चेहरा पडला. तरी तो म्हणाला, "पण तो शिसवी कशावरून सरळ? तोच वाकडा असेल!"

"सरकार, तुमच्या मिशीचे दोन केस मिळतील?"

राजांनी डोळे वटारले आणि मग "आई गं!" करत दोन केस उपटून दिले.

हस्तिदंती रंध्यावर शिसवी पुन्हा टेकवला, तर मधल्या फटीत एक केस गेला, एकावर एक दोन गेले नाहीत. मग वेणूनं शिसवी रंधा पितळी रंध्यावर समतोल धरला. दोन्ही टोकांशी पुन्हा तेच! एक केस गेला, दोन गेले नाहीत.

"एकाचा खड्डा जेवढा, दुसऱ्याचा फुगवटा तेवढाच. मधला शिसवी स्वतः वाकडा असता, तर एकीकडची फट मोठी नि दुसरीकडची लहान झाली असती."

राजे खिडकीशी येऊन स्वतः बघू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. मग हिरमुसून म्हणाले, "पण मला तर सर्वांत मोठा हवा होता!"

"सरकार, सुतारखाना केवढासा नि फळी केवढीशी! तीन हातांचा रंधा फळीवर चालवायचा, तर सुरुवात शेजारच्या पागेतून करावी लागेल. घोड्यांना आवडेल का बघा!"

राजे खदखदून हसले. शेठला आपले दोन्ही मोठे रंधे डोक्यावर घेऊन भर पेठेतून परत जावं लागलं. केरबाची नोकरी पक्की झाली.

"आणि तुला काय हवं, पोरी? सोनं? लुगडी?"

"खिडकीजवळचा कामाचा बाक, सरकार. बाबांच्या शेजारी मीही रंधा मारीन."

राजे गोंधळले. "मुलीनं रंधा मारायचा? लोक काय म्हणतील?"

"राजानं हातात रंधा घेतला तेव्हा लोक जे म्हणाले असतील, तेच म्हणतील!"

रायाजीराजे असे हसले, असे हसले, की मांडणीवरच्या हातोड्या नि पटाशा खणखणल्या. डोळे पुसत ते उठले, खिडकीजवळच्या आपल्याच बाकावरचा पसारा त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला केला आणि शिसवी रंधा वेणूच्या हाती ठेवला.