बाराव्या कॉम्प्युटरचं जमलं

अकरा कॉम्प्युटर नापसंत! नाशिकच्या 'शुभयोग' वधू-वर सूचक केंद्राच्या काउंटरसाठी नानासाहेब पिंपळखरे दोन महिने कॉम्प्युटर बघत होते आणि एकही त्यांच्या मनात भरत नव्हता. एक काळा होता, तर शुभकार्याच्या दारात काळं कशाला. एक लॅपटॉप होता, तर तो कुणी पिशवीत घालून नेला की चार हजार मुलामुलींचे बायोडेटा एका दमात पळून जातील. एकाचा पंखा घोंघावत होता. बोलणी नाजूक वळणावर आली की हा मधेच घूंऽऽ करणार, असं नानांचं म्हणणं. शेवटी दुकानदारांनी त्यांचा फोन उचलणंच बंद केलं.

यात अडकली कोण, तर हेमांगी गांगुर्डे. दोन वर्षं बिचारी आतल्या खोलीत बायोडेटांवर फोटो चिकटवत होती. आत्ता कुठे नानांनी तिला पुढे काउंटरवर बसवलं होतं, तेही 'बघू कसं जमतंय' म्हणून. आणि तिला तर ती जागा जाम आवडलेली! लोक येतात, लाजतात, भांडतात, आणि ही सगळ्यांना पुरून उरते. पण वह्या चाळून एक स्थळ काढायचं म्हणजे अर्धा तास. तोवर समोरचे वैतागून उठून जायचे आणि नाना म्हणायचे, तुझ्याच्याने होत नाही. म्हणून कॉम्प्युटरचा हट्ट तिचाच. तिने परत विषय काढला तेव्हा नाना भडकले.

"तूच आण मग, शनिवारपर्यंत. पण अटी ऐक. नवा नको, नव्याचा स्वभाव कुणाला माहीत? आणि वापरलेलाही नको. दुसऱ्या घरी राहून आलेला मी घेणार नाही."

"नाना, पुनर्विवाहाची वेगळी फाईल आपणच ठेवतो."

"ती माणसांसाठी. मशीनसाठी नाही. पुढे ऐक. समोर बसलेल्याला तो दिसला पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय. आणि दिसताही कामा नये, नाहीतर माना लांब करून दुसऱ्यांच्या पोरींचे पगार वाचत बसतात. आणि एकच आणायचा. मला काउंटरवर बाजार नकोय."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर सोमवारपासून तू परत आत, फोटो चिकटवायला."

झालं! हेमांगी दोन दिवस दुकानं फिरली. पहिल्या दुकानदाराने अटी ऐकल्या आणि तिला पाणी दिलं. दुसऱ्याने विचारलं, ताई, घरी सगळं ठीक आहे ना. तिसऱ्या दुकानात मात्र ती दारातच थबकली, समोरच्या टेबलाकडे बघून गालातल्या गालात हसली, आणि दुकानदाराशी तासभर काहीतरी खुसपुसत राहिली.

शनिवारी सकाळी नाना आले तर काउंटरवर पांढराशुभ्र कॉम्प्युटर! स्क्रीनच्याच पोटात सगळं, खाली डबा नाही की पायात वायर नाही, आवाज तर अजिबात नाही. नानांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. हा नवा आहे की वापरलेला, एवढंच त्यांनी विचारलं.

"दोन्ही नाही, नाना. दुकानात नमुना म्हणून मांडलेला होता. नवा म्हणावा तर खोक्यातून बाहेर येऊन आठ महिने झालेत, स्वभाव सगळ्या दुकानाला माहीत. वापरलेला म्हणावा तर कुणाच्या घरात पाऊल नाही टाकलेलं. नुसते बघायचे कार्यक्रम झालेत त्याचे."

नानांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. दिसण्याचं काय ते दाखव म्हणाले. तेवढ्यात खैरनारकाका आले, सोबत लग्नाचा मुलगा. हे काका म्हणजे मान लांब करण्यात एक नंबर! खुर्चीत बसले आणि सवयीने काउंटरवर ओणवे व्हायला गेले, तर त्यांच्या नाकासमोरच हेमांगीने त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेली वहीएवढी छोटी स्क्रीन. तिच्यावर त्यांच्याच मुलाचा बायोडेटा, मोठ्ठ्या अक्षरांत. दुसऱ्या कुणाचं एक अक्षर नाही. इकडे हेमांगीच्या मोठ्या स्क्रीनवर मुलींची यादी सरकत होती, आणि ती फक्त तिलाच दिसत होती.

मुलगाही वाकून वाचायला लागला. उंची पाच फूट दहा इंच.

"बाबा, मी एवढा कधी झालो?"

काका इकडेतिकडे बघायला लागले. मग हळू आवाजात हेमांगीला म्हणाले, "अहो, फॉर्म भरला तेव्हा त्याने बूट घातले होते. ते जरा कमी करा."

हेमांगीने मुकाट्याने पाच इंच कमी केले. मग नाशिकमधली, नोकरीवाली, मंगळ नसलेली अशी सात स्थळं मिनिटाभरात काढून दिली. वह्यांमध्ये हेच करायला दुपार झाली असती. बापलेक खूश होऊन गेले.

नानांना खरं तर तिथेच हरल्यासारखं झालं होतं. पण हटून बसले नाहीत तर ते नाना कसले! त्यांनी दोन्ही स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"पकडली की नाही? एकच आण म्हणालो होतो. हे दोन आहेत. ऊठ खुर्चीतून."

हेमांगी उठली नाही. तिने मोठ्या स्क्रीनमागून निघून छोट्या स्क्रीनला जोडलेली वायर बोटावर घेऊन दाखवली.

"कॉम्प्युटर एकच आहे, नाना. पण जोडीने आलाय. या दारातून एकटा आत आला असता, तर तुम्ही आधी त्याचाच फॉर्म भरून घेतला असता."

नाना असे हसत सुटले की टोपी काउंटरवर पडली, आणि बाकावर बसलेल्या दोन अनोळखी कुटुंबांनाही उगाच हसू फुटलं. डोळे पुसत त्यांनी गल्ल्याच्या ड्रॉवरची किल्ली खिशातून काढली आणि हेमांगीच्या हातावर ठेवली.

"काउंटर तुझं. पगार वाढला. आणि जा, कोपऱ्यावरून पेढे मागव. दोन महिन्यांनी का होईना, एक तरी जमलं."