वऱ्हाडामागे फिरणारी बॅटरी

"वीज गेली तरी माझ्या पाहुण्याला उकडता कामा नये. खाली लग्नाच्या हॉलात नाही, वर जेवणाच्या हॉलात नाही, आणि त्याच्या वर रिसेप्शनच्या हॉलात तर मुळीच नाही. आणि सगळ्या बॅटऱ्या ह्या खोलीत मावल्या पाहिजेत!" दौलतराव फडतऱ्यांनी जिन्याखालच्या दारावर काठी आपटली.

अंगानं ऐसपैस अनुसया तांबटने आत डोकं घातलं. खांदे घालायचा विचार केला आणि सोडून दिला. ज्या खोलीत आपण मावत नाही तिथं तीन मजल्यांची वीज मावायची होती.

दौलतरावांच्या मंगल कार्यालयावर सोलरची पॅनेलं होती. आता वीज गेली काय नि राहिली काय, अशा थाटात ते गावभर फिरले होते. मग ऐन मुहूर्ताला लाइन गेली आणि तिच्यासोबत पॅनेलंही गप्प बसली. वर ऊन मी म्हणत होतं आणि खाली नवरदेव घामानं निथळत होता. लाइन गेली की खांबावर वायरमन चढतो. पॅनेलांची वीज तिकडं जाऊन त्याला शॉक बसू नये म्हणून ती आपोआप बंद होतात. बंद पडू द्यायची नसतील तर कार्यालयाची लाइन बाहेरच्या लाइनीपासून तोडणारा नवा इन्व्हर्टर हवा आणि बॅटरी हवी. आधी दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली. त्यांनी तिन्ही मजल्यांचे एसी मोजले आणि बॅटरीसाठी नवरीची खोली मागितली. दौलतरावांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

आता पाळी अनुसयाची. आजोबा तांब्याचे हंडे ठोकायचे, ही तांब्याच्या तारा ओढायची. घराण्याचा वारसा म्हणून ठणठणीत आवाज तेवढा शिल्लक होता. 'सूर्यतेज सोलर' अशी पाटी लावली होती, पण पाटीवरचा दिवा वीज गेली की विझायचा. हे काम हातचं गेलं तर पाटी उतरवून भावजींच्या दुकानात पुन्हा मिक्सर दुरुस्त करायला बसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भावजी तर स्टूल पुसूनच बसले होते.

"अण्णा, आधी एक लग्न बघू द्या," ती म्हणाली.

"बघा की. पण उद्या संध्याकाळपर्यंत जमतंय का नाही ते सांगायचं. उगं गुऱ्हाळ नको."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून लग्नाच्या हॉलातल्या खांबाला टेकून उभी होती. ऐन वेळी वधूच्या मामांनी तिलाच करवली समजून अक्षता वाटायला लावल्या. तिनं वाटल्या. सोलरचं नाही तर नाही, निदान हे तरी जमतंय, असं तिला वाटलं. डोक्यात मात्र काही उजेड पडेना.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, वाजंत्री वाजली, आणि दौलतराव ओरडले, "उचला!"

माणसं उठतायत तोवर कार्यालयाचे गडी त्यांच्या खुर्च्या एकात एक घालून जिन्यानं वर निघाले. एक आजोबा तर अजून पुरते उठलेही नव्हते. पाहुणे वर पोचले तेव्हा त्याच खुर्च्या जेवणाच्या टेबलांना लागलेल्या होत्या. अनुसया बघतच राहिली. मग पोरीसारखी जिना चढली आणि धापा टाकत दौलतरावांसमोर उभी राहिली.

"अण्णा, खुर्च्या किती?"

"चारशे."

"हॉल तीन, मग बाराशे नकोत?"

"खुळ्या का काय ताई? माणसं तीच चारशे. तीच खाली बसत्यात, तीच वर जेवत्यात. खुर्च्या त्यांच्या मागनं फिरवायच्या. बाराशे घेऊन काय लोणचं घालू?"

"मग बॅटरी तरी बाराशे माणसांची कशाला घ्यायची?"

दौलतरावांचा हात मिशीवरच थांबला.

"वीज गेली की दिवे आणि माइक सगळीकडं चालू राहतील," अनुसया म्हणाली. "एसी मात्र वऱ्हाड असेल त्याच मजल्यावर. ते वर निघालं की तुम्ही 'उचला' म्हणायचं, गड्यानं खुर्ची उचलायची नि जाताना एसीचं बटण फिरवायचं. चारशे माणसांची बॅटरी खोलीत मावते. मी मावत नाही, पण ती मावते."

"आन् निम्मी वर, निम्मी खाली असली तर?" दौलतराव सहजासहजी हरणाऱ्यातले नव्हते.

"तेव्हा खुर्च्यांचं काय करता?"

"निम्म्या वर, निम्म्या खाली."

"एसी पण तसेच. निम्मे वर, निम्मे खाली."

अनुसयानं घाईनं उरलेलंही सांगून टाकलं. "फक्त वायरिंग बदलायचं. तुमची वीज थ्री-फेज, म्हणजे तीन वेगळ्या तारांनी येते, आणि त्यात एकेक मजला एकेका फेजवर टाकलाय. इन्व्हर्टरची ताकद तिन्ही फेजवर सारखी वाटलेली असते. वऱ्हाड एकाच मजल्यावर असलं की तिघांनी उचलायचा हंडा एकजण उचलतोय नि दोघं शीळ घालत चाललेत. प्रत्येक मजला तिन्ही फेजवर वाटला, की वऱ्हाड कुठंही जावो, सगळी ताकद त्याच्या मागं."

"म्हंजे माझ्याच खुर्चीनं मला पाडलं म्हणा की!" दौलतराव हसू लागले, आणि असे हसले की पहिल्या पंगतीतल्या लोकांनी जिलबी हातात धरून वळून पाहिलं. "हे काम तुमचं. वर माझ्या खटावच्या आन् दहिवडीच्या कार्यालयाचंबी तुमचंच. आणखी काय बक्षीस पाहिजे ते मागा, ताई."

"एक खुर्ची द्या, अण्णा. सकाळपासून उभी आहे, हाताला लागेल ती खुर्ची वऱ्हाडामागं पळतीय."

"अरे, ताईंना खुर्ची आणा रं!"

"आणि बिनहाताची आणा," अनुसया म्हणाली, "नाहीतर उठताना अडकून ती माझ्यामागं फिरायची."