केशरचं वाकडं घरटं

फार पूर्वी विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर झुंबर नावाच्या सुगरण पक्ष्याने नवी वसाहत थाटली. त्याच्यासारखी गाठ पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. म्हणून रोज संध्याकाळी तो इतरांची घरटी उसवून पुन्हा स्वतः विणी. हळूहळू सगळे पलीकडच्या शिंदीवर निघून गेले. उरला एकटा केशर.

"तूही चाललास?" झुंबरने विचारलं.

"इथं माझं काय आहे, दादा? गाठसुद्धा तुमचीच."

त्या संध्याकाळी केशरने स्वतः नव्याने विणलेलं वाकडं घरटं पाहून झुंबरची चोच शिवशिवली, पण त्याने ती पंखात खुपसली.

ही बातमी शिंदीवर पोचली. पुढच्या हंगामात बाभूळ घरट्यांनी लगडली. पाहुणे झुंबरच्या विणीचं कौतुक करू लागले की तो छाती फुगवून म्हणे, "ते राहू द्या. आधी आमच्या केशरचं ते वाकडं बघा."